पक्ष, साध्य, रचना, सिद्धता : संशोधन अणुभट्टीतील शक्तीच्या उसळीचा विचार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी तीन वर्षे मागच्या बाकावर बसलो. त्यामुळे आज येथे उभा राहून बोलताना व्याख्यात्याचा आवेश अंगी येत नाही. वही तपासून घेण्यासाठी टेबलापाशी रांगेत उभे राहावे, तसेच काहीसे वाटते आहे. संस्थेने हा मान दिला याबद्दल प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो.

सर आम्हांला भूमिती शिकवीत. त्यांच्या पिढीतील सर्वच शिक्षकांप्रमाणे त्यांचाही दंडक होता की, प्रमेय लिहायचे तर पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या क्रमानेच लिहायचे. परंतु इतर शिक्षक सिद्धतेला गुण देत आणि पक्षाकडे ओझरते पाहत. सरांचे उलट होते. सिद्धता अचूक असली आणि पक्ष अपुरा लिहिलेला असला, तर ते पानावर तिरपी रेघ मारून खाली लिहीत, "काय धरून चाललात?" एस.एस.एल.सी.च्या वर्षी माझ्या वहीत हे तीन शब्द इतक्या वेळा आले होते की घरी दाखवायची लाज वाटे. पुढे माझे सारे आयुष्य अणुभट्ट्यांच्या सुरक्षेची गणिते करण्यात गेले. तेव्हा उमजले की त्या तीन शब्दांवाचून या शास्त्रात फारसे काही नाही. म्हणून आजच्या विषयाची मांडणी सरांच्याच चार पायऱ्यांनी करणार आहे.

आधी विषयाची मर्यादा सांगतो. बेळगावात अणुभट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारवारकडचे कैगा उभे राहते. कैगा हे वीज निर्माण करणारे केंद्र आहे. मी ज्यांविषयी बोलणार त्या संशोधन अणुभट्ट्या आकाराने पुष्कळ लहान असतात. त्यांतून वीज काढीत नाहीत, न्यूट्रॉन काढतात. त्या न्यूट्रॉनांवर पदार्थांचा अभ्यास होतो, रुग्णालयांना लागणारे किरणोत्सारी समस्थानिक तयार होतात आणि नवे अभियंते शिकून तयार होतात. तुर्भ्याची 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, ती याच प्रकारची. पोहण्याच्या तलावासारखे खोल पाणी, त्यात बुडवलेला गाभा, आणि शक्ती जेमतेम १ मेगावॅट. आकार लहान म्हणून धोका लहान, असे मात्र समजू नये. शक्तीच्या उसळीने घडलेले जुने अपघात बव्हंशी लहान भट्ट्यांतच झाले आहेत.

मागे राहणारे न्यूट्रॉन

उसळी म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित करू. युरेनियमचा एक अणू भंगला की सरासरी दोन ते तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतील काही निसटून जातात, काही भलतीकडे शोषले जातात. उरलेल्यांपैकी नेमका एक पुढचा अणू फोडील अशी व्यवस्था असली, म्हणजे भट्टी स्थिर चालते. आता समजा, प्रत्येक पिढीत हजाराला एक इतकीच वाढ झाली. हजार न्यूट्रॉनांचे एक हजार एक झाले. ही वाढ कोणाच्या लक्षातही येऊ नये. परंतु न्यूट्रॉनाची एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपते असे धरा. म्हणजे एका सेकंदात दहा हजार पिढ्या झाल्या. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन १.००१ चा दहा हजारावा घात काढून पाहावा. उत्तर जवळजवळ बावीस हजार येईल. एका सेकंदात शक्ती बावीस हजार पट! असे यंत्र कोणाही माणसाला हाताळता आले नसते.

तरीही अणुभट्ट्या चालतात, याचे श्रेय काही थोड्या आळशी न्यूट्रॉनांना आहे. युरेनियम-२३५ च्या भंजनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी हजारी सुमारे साडेसहा न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत. भंजनातून उरलेल्या तुकड्यांतून ते सेकंदाच्या अंशापासून मिनिटभरापर्यंत रेंगाळत बाहेर येतात. आषाढीच्या दिंडीचे उदाहरण घ्या. दिंडीत बहुतेक वारकरी झपाझप चालणारे असतात, पण मागे राहिलेली चार म्हातारी माणसे येऊन पोहोचल्याशिवाय मुक्काम हलत नाही. साऱ्या दिंडीची चाल त्या चार माणसांवर ठरते. अणुभट्टीचेही तसेच आहे. वाढ हजारी साडेसहाच्या आत आहे तोवर भट्टीला या मागे राहणाऱ्यांची वाट पाहावी लागते. हजारी एक वाढीला शक्ती दुप्पट व्हायला मग अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात माणूसही सावध होतो व यंत्रही.

वाढ त्या मर्यादेपलीकडे गेली की दिंडीला म्हाताऱ्यांची गरज उरत नाही. तत्काळ निघणारे न्यूट्रॉनच साखळी पुढे नेतात आणि शक्ती सेकंदाच्या हजाराव्या भागांत चढत जाते. हीच उसळी. ती सुरू झाल्यावर बटण दाबायला कोणाला वेळ मिळत नाही. जे काही करायचे ते आधी केलेले असावे लागते. 'आधी' काय काय करायचे, याचा पद्धतशीर विचार म्हणजे सुरक्षा-विश्लेषण.

पक्ष

सुरक्षा-विश्लेषणाचा आरंभ यादीने होतो. काय काय बिघडू शकेल? नियंत्रक कांडी मोटारीच्या दोषाने आपोआप वर येत राहिली. गाभ्याशेजारी नवा इंधनसंच ठेवताना तो हातातून सुटून आत पडला. प्रयोगासाठी बसवलेली पोकळ नळी फुटून तीत पाणी शिरले. थंड पाण्याचा लोट अचानक गाभ्यात आला. अशा प्रत्येक प्रसंगासाठी गणित मांडायचे, आणि गणित मांडण्यापूर्वी पक्ष लिहायचा. भट्टी कोणत्या शक्तीवर होती, कांडी किती वेगाने वर येते, धोक्याची सूचना मिळाल्यापासून बंद करणाऱ्या कांड्या पडू लागेपर्यंत किती वेळ जातो, मोजमापाच्या उपकरणात किती चूक असू शकते, हे सारे त्यात आले पाहिजे.

येथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका लहान तलाव-भट्टीचे गणित आले होते. कांडी थांबता न थांबता वर येत राहिली तर काय होईल, हा प्रश्न होता. मी पक्षात लिहिले, "भट्टी पूर्ण शक्तीवर आहे." सर्वांत वाईट स्थिती धरली या समाधानात आठवडाभर गणित केले, उत्तर सुरक्षित आले, सुवाच्य अक्षरात अहवाल दिला. आमचे वरिष्ठ मितभाषी होते. त्यांनी अहवाल परत केला आणि एवढेच विचारले, "ही भट्टी सकाळी सुरूच करीत नाहीत काय?"

मला क्षणभर काही कळले नाही. मग कळले, आणि घाम फुटला. भट्टी पूर्ण शक्तीवर असते तेव्हा धोक्याची मर्यादा अगदी जवळ असते. शक्ती थोडी चढली की यंत्रणा भट्टी बंद करते. पण पहाटे सुरू करताना शक्ती पूर्ण शक्तीच्या कोट्यंशाइतकी अल्प असू शकते. तेथून कांडी वर येत राहिली तर शक्ती मर्यादेपर्यंत पोहोचेतो पुष्कळ वेळ जातो, तेवढा वेळ कांडी वर येतच राहते, आणि मर्यादा ओलांडली जाते त्या घटकेला शक्तीच्या वाढीचा वेग भयंकर झालेला असतो. शांत वाटणारी स्थितीच येथे अधिक वाईट होती. माझ्या सिद्धतेत एकही चूक नव्हती. पक्ष चुकला होता. त्या रात्री मला आपल्या शाळेची वही आठवली.

इतिहासातील अपघात पाहिले तरी तेथेही बहुधा पक्षच कोसळलेला दिसतो. कॅनडातील चॉक रिव्हर येथे एनआरएक्स नावाची संशोधन भट्टी होती. तुर्भ्याची 'सायरस', जी १९६० ते २०१० अशी पन्नास वर्षे चालली, ती याच एनआरएक्सच्या आराखड्यावर बांधली होती, म्हणून हा प्रसंग आपल्याला परका नाही. १२ डिसेंबर १९५२ रोजी तेथील तळघरात एका कर्मचाऱ्याने चुकून काही झडपा उघडल्या आणि भट्टी बंद ठेवणाऱ्या काही कांड्या वर आल्या. नियंत्रण कक्षातले लाल दिवे पाहून पर्यवेक्षक तळघरात धावला, त्याने झडपा मिटल्या आणि वर फोन करून दोन बटणे दाबायला सांगितले. सांगायचे होते ४ आणि ३, तोंडून गेले ४ आणि १. त्या चुकीच्या बटणाने आणखी कांड्या वर आल्या. तिकडे, मिटलेल्या झडपांच्या कांड्याही पूर्ण खाली बसलेल्या नव्हत्या, मात्र त्यांचे दिवे विझल्यामुळे बसल्या असे वाटत होते. फोनवरचा माणूस बटणे दाबण्यासाठी फोन खाली ठेवून गेला, त्यामुळे चूक सुधारायला मार्ग उरला नाही. भट्टी बंद करण्याची आज्ञा दिली गेली, तरी कांड्या पुरत्या पडल्या नाहीत. ३० मेगावॅटची भट्टी ६० ते ९० मेगावॅटच्या दरम्यान गेली. शेवटी टाकीतले जड पाणी सोडून दिल्यावर ती थांबली. जीवितहानी झाली नाही, पण गाभ्याची नासाडी झाली आणि तळघर किरणोत्सारी पाण्याने भरले.

येथे काय काय धरलेले होते पाहा. दिवा विझला म्हणजे कांडी बसली. आज्ञा दिली म्हणजे कांडी पडेल. सांगितलेला आकडा तोच ऐकलेला आकडा. ही तिन्ही गृहीते कोणी कागदावर लिहिलेली नव्हती. लिहिली असती तर कोणीतरी त्यांवर तिरपी रेघ मारली असती.

साध्य

आता साध्य. आम्ही सिद्ध काय करतो? लोकांचा समज असा की, अपघात होणार नाही हे आम्ही सिद्ध करतो. तसे साध्य लिहिण्याचे धाडस या क्षेत्रातला जाणता माणूस करीत नाही. आमचे साध्य पुष्कळ नम्र असते. अमुक पक्ष धरला असता इंधनाची पट्टी वितळणार नाही, तिचे आवरण फुटणार नाही, आणि म्हणून आतले किरणोत्सारी पदार्थ बाहेर येणार नाहीत, एवढेच. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा तापमान त्याच्या पुष्कळ खाली राहते हे दाखवायचे.

हे साध्य इतके मोजके का, याचे उत्तर एका दुःखद घटनेत आहे. अमेरिकेत आयडाहोच्या ओसाड माळावर लष्कराची एसएल-१ नावाची छोटी भट्टी होती. ती संशोधन भट्टी नव्हती. दूरच्या लष्करी तळांना वीज आणि उष्णता पुरविण्यासाठी केलेला तो नमुना होता. परंतु अतिसमृद्ध युरेनियम, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, साधे पाणी, ही तिची घडण संशोधन भट्ट्यांच्याच घराण्यातली. ३ जानेवारी १९६१ च्या रात्री नऊच्या सुमारास तीन तरुण सैनिक तेथे पाळीवर होते. तिघेही तिशीच्या आतले. नाताळाच्या सुमारास बंद ठेवलेली भट्टी पुन्हा चालू करण्यासाठी ते कांड्यांची यंत्रणा जोडीत होते. त्या कामात मधली कांडी हाताने सुमारे दहा सेंटिमीटर उचलावी लागे. ती पन्नास सेंटिमीटर उचलली गेली. का, हे निर्विवादपणे कधीच कळले नाही. कांड्या अडकण्याच्या तक्रारी त्याआधी काही महिने नोंदवल्या जात होत्या, एवढे खरे.

पुढचे सारे काही सेकंदाच्या हजाराव्या भागांत घडले. ३ मेगावॅटच्या त्या भट्टीची शक्ती क्षणभर सुमारे २०,००० मेगावॅटवर गेली. पाण्याचा स्तंभ वर झाकणावर आदळला आणि लोखंडी पात्र आपल्या जागेवरून नऊ फूट उडाले. तिघांचेही प्राण गेले.

विश्लेषण करणाऱ्याला या घटनेत टोचणारी गोष्ट कांडी उचलली गेली ही नाही. एकटी मधली कांडी वर घेतली तर भट्टी सुरू होते, ही त्या रचनेतली वस्तुस्थिती टोचते. मग सारी सुरक्षा 'ही कांडी कोणी जास्त उचलणार नाही' या एका वाक्यावर उभी राहिली. ते वाक्य सैनिकांच्या हातांवर सोपवलेले होते. हातांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याने एवढे ओझे दोन हातांवर ठेवले, त्याचा पक्ष आधी तपासला पाहिजे.

रचना

त्या रात्रीनंतर एक दंडक जगभर पक्का झाला. सर्वांत प्रभावी कांडी पूर्णपणे बाहेर अडकून राहिली आहे असे धरावे, आणि तरीही उरलेल्या कांड्यांनी भट्टी बंद राहिली पाहिजे. आराखडा करणाऱ्याने ही स्थिती पक्षातच लिहायची. भूमितीत आपण सिद्धतेसाठी एखादी रेषा वाढवून घेतो, तिला रचना म्हणतो. ही तशीच वाढवून घेतलेली रेषा आहे.

यापुढची पायरी अधिक सुंदर आहे, आणि तिचा संबंध योगायोगाने एका शाळेशी आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सॅन दिएगो येथे काही शास्त्रज्ञ एकत्र जमले. नव्या कंपनीची इमारत तयार नव्हती, म्हणून त्यांना एका शाळेची रिकामी इमारत मिळाली होती. वर्गखोल्यांत बसून ते काम करीत. एडवर्ड टेलर यांनी तेथे एक आग्रह धरला. भट्टी अशी हवी की ती शाळकरी मुलांच्या हाती दिली तरी कोणाला इजा होऊ नये. सगळ्या कांड्या एका झटक्यात बाहेर काढल्या तरी ती आपली आपण शांत झाली पाहिजे. म्हणजे सुरक्षा पहारेकऱ्यावर किंवा यंत्रावर न ठेवता पदार्थाच्या स्वभावातच घालायची. तरुण गणिती फ्रीमन डायसन त्या गटात होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी भट्टी घडवली तिचे नाव ट्रायगा. पहिली ट्रायगा १९५८ साली सुरू झाली, आणि पुढे साठाहून अधिक बांधल्या गेल्या.

तिची युक्ती विद्यार्थ्यांनाही समजेल. न्यूट्रॉन मंद असला तर युरेनियम अधिक सहजपणे फोडतो. त्याला मंद करण्याचे काम हायड्रोजन करतो. साध्या तलाव-भट्टीत हा हायड्रोजन पाण्यात असतो. ट्रायगामध्ये त्यातला मोठा भाग झिर्कोनियम हायड्राइडच्या रूपाने इंधनातच मिसळला आहे. इंधन तापले की त्यातला हायड्रोजन त्याच क्षणी तापतो, आणि न्यूट्रॉनांना मंद करण्याऐवजी उलट थोडा वेग देऊ लागतो. न्यूट्रॉन वेगवान झाले, भंजन घटले, उसळी विरली. यात मोटार नाही, तार नाही, दिवा नाही. जून १९५९ मध्ये नील्स बोर यांच्या हस्ते अशा भट्टीत मुद्दाम उसळी घडवून दाखवली गेली. शक्ती क्षणार्धात हजार मेगावॅटच्या वर जाऊन आपोआप खाली आली. आज अनेक विद्यापीठांत हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर होतो.

पट्ट्यांच्या इंधनाच्या भट्टीतही असा स्वाभाविक लगाम असतो. पाणी तापले, त्याचे बुडबुडे झाले, की न्यूट्रॉन मंद होणे कमी होते आणि शक्ती उतरते. मात्र उष्णता इंधनातून पाण्यात जायला थोडा वेळ लागतो, आणि उसळीच्या हिशेबात काही मिलिसेकंद हा फार मोठा काळ आहे. शिवाय लगामाचे चिन्ह ऋण आहे याची खात्री हवी. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे जे घडले त्याच्या मुळाशी हेच चिन्ह होते. त्या वीज-भट्टीत पाण्याची वाफ झाली की शक्ती उतरण्याऐवजी वाढत असे. सर म्हणत, "आकडा चुकला तर एक गुण जाईल, चिन्ह चुकले तर सगळे जातील." त्यांनी हे बीजगणिताविषयी म्हटले होते.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. १९७८ पासून संशोधन भट्ट्यांतील अतिसमृद्ध युरेनियम बदलून तेथे २० टक्क्यांहून कमी समृद्धीचे इंधन वापरण्याची चळवळ जगभर सुरू झाली. तिचा मूळ हेतू अण्वस्त्रांना लागणारा माल पसरू नये हा होता. परंतु त्याचा एक लाभ सुरक्षेलाही झाला. या इंधनात युरेनियम-२३८ पुष्कळ असते, आणि ते तापले की लगेच अधिक न्यूट्रॉन गिळू लागते. पाण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या जुन्या अप्सरेत अतिसमृद्ध युरेनियम असे. अर्धशतकाहून अधिक सेवा करून ती निवृत्त झाली, आणि तिच्या जागी १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या २ मेगावॅटच्या 'अप्सरा-यू'मध्ये कमी समृद्धीचे इंधन आहे.

सिद्धता

राहिली सिद्धता. आज संगणकावर एका दिवसात शेकडो उसळ्यांचे गणित होते. माझ्या तरुणपणी जे गणित महिनाभर चाले, ते आता चहा थंड होण्याआधी होते. परंतु गणित खरे की खोटे हे ठरवणार कोण? त्याला प्रत्यक्ष प्रयोगच लागतो. आणि भट्टी मोडेपर्यंत उसळी घडवण्याचा प्रयोग कोण करील?

तो केला गेला आहे. त्याच आयडाहोच्या माळावर १९५३ साली बोरॅक्स-१ नावाची उघड्यावरची छोटी भट्टी बांधली गेली. तीत मुद्दाम उसळ्या घडवल्या, आणि पाण्याच्या बुडबुड्यांमुळे ती आपोआप शांत होते हे पुन्हा पुन्हा दिसले. मग २२ जुलै १९५४ रोजी शेवटचा प्रयोग ठरला. भट्टी मोडेल इतकी कांडी झटक्याने बाहेर काढायची. गणिताने सांगितले होते की सुमारे ८० मेगाजूल ऊर्जा निघेल. प्रत्यक्षात निघाली सुमारे १३५. कांड्यांची जड यंत्रणा तीस फूट उंच उडाली. गणित करणारे त्या काळचे निष्णात लोक होते. तरी निसर्गाने त्यांना दीडपटीहून अधिक उत्तर दिले.

त्यानंतर स्पर्ट नावाची प्रयोगमाला तेथेच कित्येक वर्षे चालली. हळूहळू अधिकाधिक तीव्र उसळ्या घडवून प्रत्येक वेळी शक्ती, तापमान आणि दाब नोंदवले गेले. आज आम्ही जी संगणकप्रणाली वापरतो, उदाहरणार्थ पॅरेट, ती याच नोंदींवर घासून पाहिलेली आहे. ५ नोव्हेंबर १९६२ च्या प्रयोगात शक्ती इतक्या वेगाने चढली की दर ३.२ मिलिसेकंदांनी ती पावणेतीन पट होत होती. शक्तीने शिखर गाठले आणि ती खाली वळली. तोवर सारे अपेक्षेप्रमाणे चालले होते. आणि मग, शिखर ओलांडून गेल्यावर सुमारे १५ मिलिसेकंदांनी, प्रचंड दाबाचा धक्का आला आणि गाभा उद्ध्वस्त झाला. वितळलेला धातू पाण्यात मिसळून वाफेचा स्फोट झाला होता.

हे १५ मिलिसेकंद मी कधी विसरलो नाही. आलेख खाली वळला, मनुष्य निःश्वास टाकणार, आणि त्यानंतर घाव आला. यातून आम्ही काय शिकलो? इंधन वितळत नाही तोवर आमची गणिते आणि प्रयोग यांचा मेळ बसतो. वितळल्यानंतरचे भाकीत त्याच विश्वासाने करता येत नाही. म्हणून साध्यातच लिहायचे की, इंधन वितळण्याच्या जवळपासही जाता कामा नये. जेथे आपली सिद्धता संपते, तेथे भट्टी नेऊन ठेवायचीच नाही. मघाशी मी साध्य नम्र असते म्हणालो, ते याकरिता.

समारोप

आता शेवटचा प्रसंग. २३ सप्टेंबर १९८३ रोजी अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे आरए-२ नावाच्या अगदी अल्प शक्तीच्या प्रायोगिक भट्टीत एक अनुभवी तंत्रज्ञ इंधनसंचांची मांडणी बदलत होता. नियम स्पष्ट होता. मांडणीला हात लावण्यापूर्वी टाकीतले पाणी काढून टाकायचे. पाणी नसेल तर न्यूट्रॉन मंद होत नाहीत आणि कितीही चूक झाली तरी उसळी येत नाही. त्या दिवशी पाणी काढलेले नव्हते. उसळी आली, आणि दोन दिवसांनी तो तंत्रज्ञ मरण पावला.

या भट्टीचे गणित बरोबर होते. नियमही बरोबर होता. कागदावरचा पक्ष आणि टाकीपाशी उभ्या माणसाचा दिवस यांची मात्र फारकत झाली होती. तो माणूस नवशिका असता तर कदाचित त्याने पाणी काढले असते. शेकडो वेळा काही झाले नाही की आपण नकळत नवे गृहीतक धरतो, "आजही काही होणार नाही." हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते, म्हणून त्यावर कोणी रेघ मारीत नाही. नोकरीच्या उत्तरार्धात मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक सक्ती केली होती. ज्या भट्टीचे गणित करायचे, तिच्या पाळीवर आधी आठवडाभर जाऊन उभे राहायचे. कांडी कोण उचलतो, दिवा कोण पाहतो, पहाटे तीन वाजता कोण जांभया देतो, हे पाहायचे आणि मग पक्ष लिहायचा. काही जणांना ते अपमानास्पद वाटे. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या पक्षात दोन-चार ओळींची भर पडलेली असे.

येथे जमलेल्या सर्वांनाच अणुभट्टीशी काम पडणार नाही. परंतु आपण एका मोठ्या केंद्रापासून फार दूर राहत नाही, आणि धरण, कारखाना, पूल, रुग्णालय यांच्या सुरक्षेविषयीची आश्वासने आपणा सर्वांना ऐकावी लागतात. असे आश्वासन देणाऱ्याला "हे सुरक्षित आहे काय?" असे विचारले तर तो "होय" म्हणेल, आणि प्रामाणिकपणेच म्हणेल. त्याऐवजी त्याला विचारावे, "आपण काय धरून चालला आहात?" ज्याने खरोखर काम केले आहे तो आनंदाने यादी काढून दाखवील, आणि त्या यादीत एखादी ओळ राहिली असेल तर ती दाखवून देणाऱ्याचे आभार मानील. जो या प्रश्नाने रागावेल, त्याची वही आणखी एकदा तपासायला हवी.

माझ्या त्या परत आलेल्या अहवालाची दुसरी प्रत पूर्ण झाली तेव्हा पक्षाचे पान एकाचे तीन झाले होते. गणिताचे उत्तर बदलले होते, आणि त्याप्रमाणे भट्टी सुरू करण्याच्या वेळी कांडी वर येण्याचा वेग कमी करावा लागला. पुढच्या सुट्टीत बेळगावला आलो तेव्हा सरांना भेटून ही हकीकत सांगितली. सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या वरिष्ठांनी गुण किती दिले?" मी म्हटले, "सर, त्यांनी फक्त सही केली." त्यावर ते म्हणाले, "मग पूर्ण दिले."